महर्षी कर्वे आणि हिंगण्याची वाट



माझे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या काळी आमच्या सामान्य ज्ञानाच्या गाइडमध्ये महर्षी कर्वे यांच्यावर दोन ओळी होत्या. एक महिला विद्यापीठाची आणि दुसरी भारतरत्नाची. त्या पाठ करून मी परीक्षा दिली, मार्कही मिळाले. पुढे शाळेची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा आईच्या कपाटातले कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ हाती लागले. मराठी वाचनाचा वेग कमी, त्यामुळे ते संपवायला मला सगळी उन्हाळ्याची सुट्टी लागली. पण त्या दोन ओळींमागे किती वर्षांची पायपीट होती हे तेव्हा प्रथम कळले. माझ्या भाषेत काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्यावे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या गावी, आजोळी झाला. लहानपण दापोलीजवळच्या मुरुड गावात गेले. घरची परिस्थिती बेताची होती. पुढे सगळे त्यांना अण्णा म्हणू लागले, म्हणून मीही तसेच लिहिते.

मुलांनो, परीक्षेच्या दिवशी रिक्षा उशिरा आली म्हणून तुम्ही रडवेले होता. अण्णांची गोष्ट ऐका. त्या वेळी सरकारी नोकरीसाठी सहावीची सर्टिफिकेट परीक्षा असे. जवळ केंद्र नव्हते. बोटीने मुंबईला जायचे तर हवा खराब. शेवटी अण्णा आणि त्यांचे सोबती मुरुडहून साताऱ्याला चालत निघाले. शंभराहून अधिक मैलांचे अंतर, मध्ये सह्याद्रीचा घाट. वेळेवर पोहोचले. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. अण्णा अंगाने किरकोळ, दिसायला लहान. दाखला जवळ असूनही तपासणाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही आणि परीक्षेला बसू दिले नाही. जसे आले तसे परत. पुढच्या वर्षी ते कोल्हापूरला जाऊन परीक्षा पास झाले.

इंग्रजी शिक्षण उशिरा सुरू झाले. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा वय तेवीस. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. मग मुंबईत शिकवण्या आणि शाळांतल्या नोकऱ्या. त्यात मुलींच्या दोन इंग्रजी शाळाही होत्या. १८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठे उलथापालथीचे ठरले. पत्नी राधाबाई वारल्या, मुलगा रघुनाथ लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर तिथे गणिताचा माणूस हवा होता. अण्णा गेले आणि १९१४ पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. तेहतीस-चौतीस वर्षांच्या विधुराला दहा-बारा वर्षांची मुलगी सांगून येत असे, त्यात कोणाला वावगे वाटत नसे. अण्णांनी ठरवले, लग्न करायचे तर विधवेशीच. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. लग्नानंतर काही महिन्यांतच, आठव्या वर्षी तिचे कपाळ पुसले गेले होते. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती, तिथली पहिलीच विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचे लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, घरचे त्यांना बाया म्हणत. मुरुड गावाने अण्णांवर बहिष्कार टाकला. सख्ख्या आईला आणि भावंडांना त्यांच्याशी उघडपणे व्यवहार ठेवणे कठीण झाले. ज्या गावासाठी पगारातून दर महिन्याला काही पैसे बाजूला काढून ठेवायचे, त्याच गावात त्यांना पंक्तीला जागा नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला जास्त विचार करायला लावले ते पुढच्या भागाने, आणि विश्वस्त मंडळींनी तो जरा सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

लग्नाच्याच वर्षी अण्णांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली आणि तिचे चिटणीस झाले. गावोगाव फिरून ते या विषयावर बोलत. दोन-तीन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की असे विवाह थोडे होतील. ज्या हजारो मुली केस काढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या आहेत, त्यांना आधी स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे. पुढे लग्न करायचे की नाही, हे त्यांचे त्या ठरवतील. म्हणून १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला. अण्णांनी जवळची साठवलेली सुमारे १००० रुपयांची शिल्लक त्यात टाकली.

आता अडचण अशी की आश्रमात मुलगी पाठवणार कोण? बाप, भाऊ किंवा सासरा. हे सगळे जुन्या वळणाचे. आणि नुकतेच १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठले होते. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा बोभाटा झाला, आणि घाबरलेल्या पालकांनी मुली काढून नेल्या. स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाने विधवांसाठी आश्रम काढला, म्हटल्यावर लोकांना एकच शंका येणार, की हा आमच्या मुलींची लग्ने लावणार. तशी शंका पक्की झाली असती तर आश्रम वर्षभरात रिकामा झाला असता.

अण्णांनी दोन्ही कामे वेगळी केली. आश्रम म्हणजे शिक्षण, एवढेच. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, तिथे कोणाचे लग्न जमवले जाणार नाही. पुढे त्यांनी विवाह मंडळीचे चिटणीसपदही सोडले. ज्या कामासाठी स्वतः बहिष्कार सोसला, त्या कामापासून स्वतःच्या संस्थेला मुद्दाम लांब ठेवले. सुधारकांना हे पटले नाही. ज्याने पाऊल पुढे टाकले तोच आता जुन्या लोकांना सांभाळून घेतो, असा त्यांचा सूर होता. सनातनी मंडळी तर आधीपासून नाराजच होती. दोन्ही बाजूंचे बोलणे अण्णांनी ऐकून घेतले. ते स्वभावाने भांडणारे नव्हतेच, सभा गाजवणारे वक्तेही नव्हते.

मला स्वतःला हा भाग वाचताना थोडे खटकते, ते लपवत नाही. आश्रमात जुने सोवळे-ओवळे आणि व्रते पाळली जात, सुरुवातीच्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्या होत्या. आज आपण त्याचा हिशेब मागणारच, मागायलाही हवा. पण मी शाळा चालवते, त्यामुळे दुसरी बाजूही दिसते. त्या पालकाने दारातून मुलगी परत नेली असती तर पुढची सुधारणा कोणावर करायची होती?

१८९९-१९०० च्या सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. मुलींना शहरात ठेवणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. तिथे १९०० मध्ये एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिकडे गेला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात, आणि सगळीकडे इमारती झाल्या आहेत. तेव्हा मात्र ते आडरान होते. पक्का रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इतका की चप्पल हातात घेऊन चालावे लागे.

अण्णांचा दिवस असा जायचा. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे तास. संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन काही मैल चालत हिंगण्याला. तिथे मुलींचे शिकवणे, हिशेब, आजारीपाजारी. सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. एक-दोन महिने नव्हे, कितीतरी वर्षे. कॉलेजला सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव प्रवास. कोणी रुपया दिला, कोणी चार आणे दिले, कोणी दारातून घालवून दिले. मिळालेली प्रत्येक पै हिशेबात लिहिली जायची आणि हिशेब छापून लोकांपुढे ठेवला जायचा. आमच्या ऑफिसातल्या लेखापालांना मी हा भाग वाचून दाखवला, तर ते म्हणाले की कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, त्यांना सोपे गेले असेल!

आनंदीबाईंविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. घर शहरात, नवरा हिंगण्याला, पदरात मुले, आणि हातात येणारा पगार आधीच कुठे कुठे वाटलेला. अण्णांनी शिल्लक तर दिलीच, पुढे आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. उद्या काही बरेवाईट झाले तर बायकामुलांनी काय करायचे, हा प्रश्न बायांनी विचारला, रागावून विचारला. त्यांनी तो ‘माझे पुराण’ या आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले आणि संसाराला हातभार लावला. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आली, शिकली, आणि आश्रमाचा मोठा आधार झाली. फारसे इंग्रजी येत नसताना १९१८ मध्ये ती अमेरिकेला गेली, लोकांच्या घरी काम करून राहिली, आणि आश्रमासाठी निधी जमवून परतली. अण्णांचा हेतू स्पष्ट होता हे खरेच, पण त्या हेतूची किंमत एकट्या अण्णांनी मोजली नाही.

आश्रम स्थिरावत होता. मग १९०७ मध्ये अण्णांनी कुमारिका आणि इतर मुलींसाठी महिला विद्यालय काढले. सहकाऱ्यांत कुरबुर झाली. विधवांच्या नावाने जमवलेला पैसा दुसरीकडे जाईल अशी भीती काहींना वाटली. अण्णांचे उत्तर पुन्हा तेच होते. नवे काम असेल तर त्याची संस्था वेगळी, वर्गणी वेगळी, वही वेगळी. आश्रमाचा पैसा आश्रमाला. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ सुरू केला. या संस्थांना जन्मभर वाहून घेणारी माणसे तयार करणे हा त्याचा उद्देश होता. कारण एका माणसाच्या पायांवर संस्था किती वर्षे चालणार, याचे गणित त्यांनी केलेले होते. पुढे या तिन्ही संस्था एकत्र आल्या, त्याही अण्णांच्या हयातीतच.

आणि मग वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे आज ज्या वयात आम्ही शिक्षक निवृत्तीचे दिवस मोजू लागतो, त्या वयात त्यांनी विद्यापीठ काढले. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी जपानच्या प्रवासानंतर त्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पाठवली होती. ती तशीच कागदांत पडून होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली, आणि त्यांना वाटले की हेच आपल्याकडे हवे. लगेच दुसऱ्या वर्षी, १९१६ मध्ये, हिंगण्याला भारतीय महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्गात मुली पाच!

या विद्यापीठाचे उद्दिष्ट अण्णांनी नेमके ठरवले होते. शिक्षण मातृभाषेतून, म्हणजे घरच्या भाषेत विचार करणाऱ्या मुलीला वरच्या पायरीपर्यंत जाता यावे. इंग्रजी विषय मात्र सर्वांना. जोडीला घर, आरोग्य आणि कला यांचा अभ्यास. सरकारची मान्यता नाही, म्हणजे या पदवीने सरकारी नोकरीची खात्री नाही. मुलींसाठी वेगळा आणि सोपा अभ्यासक्रम कशाला, त्यांनी मुलांच्या बरोबरीने शिकावे, असे म्हणणारेही शहाणे लोक होते, आणि त्यांचे म्हणणे काही चूक नव्हते. अण्णांना ज्या मुली डोळ्यांपुढे दिसत होत्या, त्यांना मुंबई विद्यापीठाच्या दारापर्यंत कोणी येऊच देत नव्हते. त्या मुलींसाठी हे दार होते.

१९२० मध्ये मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. वर्षाला ५२,५०० रुपये व्याज येईल अशी व्यवस्था. तोवर आण्या-रुपयाने गोळा करणाऱ्या माणसापुढे एकदम एवढी रक्कम. देणगीबरोबर अटीही होत्या. त्यांच्या आईचे नाव द्यायचे, आणि विद्यापीठ मुंबईला न्यायचे. अण्णांनी नावाला हरकत घेतली नाही. त्यामुळे आज आपण श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एस.एन.डी.टी. विद्यापीठ म्हणतो. ते कर्व्यांनी काढले हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मातृभाषा आणि मुलींचे उच्च शिक्षण या दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या. १९३६ मध्ये मुख्य कार्यालय मुंबईला गेले. रीतसर कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे हे विद्यापीठ सरकारी शिक्क्याशिवाय चालले.

१९२९ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. ज्याची पुस्तिका वाचून काम सुरू केले, ते टोकियोचे विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. बर्लिनमध्ये आइनस्टाइन यांची भेट झाली. परत आल्यावर थोड्याच काळात आफ्रिकेचा दौरा. सगळीकडे व्याख्यान आणि झोळी.

पुढची गोष्ट मी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगते. विद्यापीठ मुंबईला गेले त्याच १९३६ साली, वय अठ्ठ्याहत्तर असताना, अण्णांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. ज्या गावांत लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती, तिथे शाळा. त्यांचे पेन्शन महिना ७० रुपये होते. त्यातले १५ रुपये या कामाला. आणि पुन्हा दारोदार वर्गणी. ज्या माणसाच्या संस्थेला १५ लाख मिळाले होते, तो खेड्यातल्या शाळेसाठी चार-चार आणे मागत होता. विद्यापीठाच्या पैशाला त्याने हात लावला नाही, कारण ते पैसे विद्यापीठाचे होते. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद दूर करण्यासाठी समता संघ काढला. आश्रमाच्या काळात जे बाजूला ठेवावे लागले होते, त्याकडे ते उशिरा का होईना वळले, असे मला वाटते.

१९५० मध्ये बाया गेल्या. १९५५ मध्ये अण्णांना पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा, भारतरत्न मिळाले. त्याच १८ एप्रिलला भारत सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले. जिवंत भारतीय माणसाचे आपल्याकडचे ते पहिले तिकीट. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आजोबांच्या संग्रहातले ते तिकीट शाळेला दिले आहे. ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात आहे, मुलांनी जरूर पाहावे, काचेला हात लावू नये. अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात वारले. वय एकशे चार.

आता थोडे आपल्याकडचे. गेल्या बैठकीत शाळेचा हॉल लग्नसमारंभांना भाड्याने द्यावा असा प्रस्ताव आला होता. पैसे चांगले मिळतील, आणि छताची दुरुस्ती करायची आहे हेही खरे. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण मला नीट उत्तर सुचले नाही. लग्नसराई नेमकी वार्षिक परीक्षेच्या दिवसांत येते. मराठीचा जादा वर्ग आणि मुलींचे खो-खो दोन्ही त्याच हॉलच्या आवारात होतात. छताला किती खर्च येईल याचा अंदाज मी मागवला आहे, आणि वर्गणीची एक वेगळी वही लेखापालांना काढायला सांगितली आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, त्याच हॉलमध्ये आहे. पालक प्रतिनिधींनीही यावे.